भिंती मालकाच्या, भांडी आपली

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी आपल्यापैकी पुष्कळजणींच्या बँक खात्यातून २० रुपये वजा होतात. पासबुकात ती ओळ दिसली की गटाच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "हे कशाचे गं कापले?" ते असतात पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे. अपघातात मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख रुपये मिळतात. काहीजणींचे ४३६ रुपयेही जातात. ते जीवनज्योती विम्याचे. त्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी घरच्यांना २ लाख मिळतात. हे दोन्ही विमे चांगले आहेत आणि ज्यांचे नसतील त्यांनी जरूर काढावेत.

पण हे दोन्ही विमे माणसाचे आहेत. घरातल्या सामानाला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. फ्रीज, कपाट, शिलाई मशीन, भांडी, अंथरूण-पांघरूण, हे सगळं एका रात्रीत पाण्यात किंवा आगीत गेलं तर ते परत उभं कशातून करायचं? आज आपण त्याबद्दल बोलणार आहोत. त्यातही भाड्याच्या घराबद्दल.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर गावात स्वतःच्या घरात राहतो, आमचा भाड्याशी काय संबंध?" जरा आजूबाजूला बघा. कुणाची लेक चाकणला कंपनीत लागली आहे आणि तीन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. कुणाचा मुलगा-सून वाळूजला आहेत. कुणी मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी दोन खोल्या घेतल्या आहेत. आणि आपल्या कितीतरी गटांनी मसाला, पापड, शिवणकाम यांसाठी बाजारपेठेत गाळा भाड्याने घेतला आहे. भाडं आपल्या घरापर्यंत आलेलंच आहे.

नुकसान कुणाचं, हे आधी ओळखा

बैठकांमधून आम्ही हा विषय काढला तेव्हा एक गैरसमज सगळीकडे सापडला. बायका म्हणतात, "घरमालकाने विमा काढलाय ना, मग झालं की." मालकाने घरासाठी बँकेचं कर्ज घेतलेलं असतं, त्याबरोबर विमाही उतरवलेला असतो. तो सांगतो, "घराचा विमा आहे हो." ते खरंही असतं. पण तो विमा मालकाच्या मालमत्तेचा. भिंती, छप्पर, फरशी, दारं-खिडक्या त्याच्या. त्या पडल्या तर पैसे त्याला मिळतील. त्याच खोलीत तुमचं कपाट भिजलं, गाद्या सडल्या, टीव्ही जळाला, तर त्याचा विमा तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भिंती मालकाच्या, भांडी आपली. भिंतींचा विमा मालकाने काढायचा, भांड्यांचा आपण.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. पाणी खोलीत आलं की ते मालक आणि भाडेकरू असा भेद करत नाही. पण पाणी ओसरल्यावर हिशोब मात्र वेगवेगळा होतो. घर ज्याचं, त्याच्या भिंती बहुतेक उभ्याच असतात. चिखल काढला, रंग दिला की घर पुन्हा भाड्याने जातं. भाडेकरणीचं मात्र सगळंच्या सगळं गेलेलं असतं, कारण तिच्याकडे जे होतं ते सामानच होतं.

सरकारी मदत मिळते, पण ती किती असते तेही जाणून घ्या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती निकषांत, घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात राहिलं, तर कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांडी-घरसामानासाठी २,५०० रुपये धरले आहेत. राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालतं. ही मदत पहिल्या आठवड्याची चूल पेटावी म्हणून असते. गेलेला संसार भरून देणं हा तिचा हेतूच नाही.

आपल्या खोलीत आहे तरी किती?

"आमच्याकडे कसलं सामान, दोन भांडी नि चार कपडे," असं आपण सहज म्हणून जातो. एकदा कागद-पेन घेऊन बसा आणि आजच्या बाजारात तीच वस्तू घ्यायला किती लागतील ते लिहा. आपण एक नमुना करून पाहू. दोन खोल्यांत राहणारं एक साधं कुटुंब धरू.

लोखंडी कपाट ८,०००. फ्रीज १६,०००. टीव्ही १५,०००. शेगडी, मिक्सर, कुकर आणि सगळी भांडी मिळून १२,०००. कॉट, गाद्या, उशा १०,०००. शिलाई मशीन ९,०००. घरातल्या सगळ्यांचे कपडे, साड्या, चादरी, ब्लँकेटं २०,०००. पंखे आणि कूलर ६,०००. मुलांची सायकल ४,०००. बेरीज करा. बरोबर १ लाख रुपये होतात.

तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. पण बेरीज केल्यावर पुष्कळजणी चकित होतात. हे सामान पाच-दहा वर्षांत एकेक करून घेतलेलं असतं, कधी भिशीतून, कधी हप्त्यावर, कधी दिवाळीच्या बोनसमधून. म्हणून ते एवढ्या किमतीचं वाटत नाही. जातं मात्र एकदम.

कोणता विमा, आणि तो काय भरून देतो?

विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण. तिने १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी एक ठरावीक नमुन्याची पॉलिसी आणली. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. आग आणि नैसर्गिक आपत्तीसाठी घराचा विमा विकणाऱ्या साधारण विमा कंपन्यांना ही पॉलिसी ठेवावीच लागते. सरकारी कंपनी असो की खासगी, मूळ अटी सारख्याच. त्यामुळे विचारताना हेच नाव घेऊन विचारा.

ही पॉलिसी तीन प्रकारे घेता येते. फक्त इमारतीची, इमारत आणि सामान दोन्हींची, किंवा फक्त सामानाची. भाडेकरूने घ्यायची ती तिसरी, फक्त सामानाची. इमारत आपली नाही, तेव्हा तिचा हप्ता आपण का भरायचा? ज्यांचं घर स्वतःचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. इमारतीचा विमा घेतला तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान यादी न देताही आपोआप धरलं जातं. भाडेकरूने मात्र सामानाची रक्कम स्वतः सांगायची असते.

या पॉलिसीत कशाकशाचं नुकसान भरून मिळतं ते ऐका. आग. स्फोट. वीज कोसळणं. भूकंप. वादळ, चक्रीवादळ, पूर, घरात पाणी साचणं. दरड कोसळणं, जमीन खचणं. वणवा. घरावर झाड पडणं किंवा गाडी येऊन आदळणं. दंगल, संप, कुणी मुद्दाम केलेली नासधूस. दहशतवादी हल्ला. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान.

आणखी एक गोष्ट कामाची आहे. अशी आपत्ती आली, घर उघडं पडलं आणि त्यामुळेच पुढच्या ७ दिवसांत चोरी झाली, तर तीही धरली जाते. पुराच्या वेळी लोक शाळेत मुक्कामाला गेले की मागे काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

या पॉलिसीची आणखी एक जमेची बाजू. समजा तुमचं सामान १ लाखाचं आहे, पण तुम्ही ७० हजारांचाच विमा घेतला. नुकसान ३० हजारांचं झालं. "तुम्ही कमी रकमेचा विमा काढला होता, म्हणून आम्ही त्या प्रमाणात पैसे कापू," असं कंपनी म्हणू शकत नाही. विमा रकमेच्या मर्यादेत राहून नुकसान भरून द्यावं लागतं. मात्र एक लाखाचं सगळं सामान गेलं तर ७० हजारांच्या वर मिळणार नाही, हेही तितकंच खरं.

काय मिळत नाही?

हा भाग नीट ऐका. एजंट पहिला भाग मोठ्या आवाजात सांगतो, हा भाग कागदावर बारीक अक्षरात असतो.

पहिलं, साधी चोरी. दुपारी कुलूप तोडून घरफोडी झाली, तर मूळ पॉलिसीत काहीच मिळत नाही. चोरीसाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं आणि त्याचा हप्ता वेगळा असतो. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलींना पुरापेक्षा घरफोडीची धास्ती जास्त असते. त्यांनी हा प्रश्न पहिलाच विचारावा.

दुसरं, रोख रक्कम आणि कागदपत्रं. डब्यात ठेवलेले पैसे जळाले किंवा भिजले, तर ते मिळत नाहीत. गटाच्या वसुलीचे पैसे घरी ठेवू नयेत, याला हे आणखी एक कारण.

तिसरं, सोनं-नाणं. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, त्यांची किंमत आधी ठरवून लिहून द्यावी लागते.

चौथं, विजेच्या दाबाने बिघडलेली वस्तू. व्होल्टेज वरखाली झालं, शॉर्टसर्किट झालं आणि फ्रीज आतल्या आत जळाला, तर त्या फ्रीजचे पैसे मिळत नाहीत. पण त्याच फ्रीजमधून आग भडकली आणि बाजूचं कपाट, अंथरूण जळालं, तर त्या बाकीच्या वस्तूंचे मिळतात. आपल्याकडे विजेचं काय चालतं हे माहीतच आहे, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

पाचवं, हळूहळू होणारं नुकसान. ओल, बुरशी, वाळवी, गंज, वापरून झिजणं, हे विम्यात येत नाही. छपरातून दर पावसाळ्यात गळतं, त्यासाठी मालकालाच धरायचं.

सहावं, धंद्याचा माल. घरातल्या सामानाच्या पॉलिसीत विक्रीसाठी भरून ठेवलेला मसाला किंवा शिवून ठेवलेले कपडे धरू नका. त्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

खर्च किती येतो?

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. हप्ता बहुतेक हजारामागे इतके रुपये किंवा पैसे, अशा दराने काढतात. दर कंपनीगणिक वेगळा असतो. घर पक्कं आहे की पत्र्याचं, नदीकाठी आहे की उंचावर, चोरीचं संरक्षण जोडलं की नाही, यावरही तो बदलतो. म्हणून आम्ही एकच दर सांगणार नाही. हिशोब कसा करायचा तेवढा दाखवतो.

समजा कंपनीने हजाराला दीड रुपया दर सांगितला. सामान १ लाखाचं, म्हणजे शंभर हजार. शंभर गुणिले दीड म्हणजे १५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ रुपये. एकूण वर्षाचे १७७ रुपये. सामान २ लाखांचं असेल तर याच दराने ३५४ रुपये. चोरीचं संरक्षण जोडलं तर आकडा वाढेल. दागिने घातले तर आणखी वाढेल. काही कंपन्यांनी कमीत कमी हप्ता ठरवलेला असतो, मग हिशोबाने १५० आले तरी त्या आपली किमान रक्कम घेतात. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा. "चोरीसकट, करासकट, वर्षाचे एकूण किती?" असं विचारलं तरच तुलना करता येते.

आणखी तीन प्रश्न विचारून ठेवा. नुकसान झाल्यावर सुरुवातीची किती रक्कम आपण स्वतः सोसायची? वस्तू जुनी असेल तर नव्याची किंमत मिळणार की जुनेपणाचे पैसे कापणार? घर बरेच दिवस बंद राहणार असेल, म्हणजे उन्हाळ्यात किंवा बाळंतपणासाठी माहेरी गेलो, तर कळवावं लागतं का? उत्तरं पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

खोलीत तीन-चार मुली मिळून राहत असतील तर पॉलिसीत जिचं नाव, तिच्या सामानापुरतीच ती असते असं समजून चाला. बाकीच्यांचं काय करायचं, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

घराचं वर्णन खरं लिहा. भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री यांचं असेल तर विमा कंपन्या त्याला कच्चं बांधकाम म्हणतात. ते लपवून पक्कं लिहिलं तर हप्त्यात थोडे पैसे वाचतील, पण दावा करताना कंपनी त्याच कागदावर तुम्हाला अडवेल.

गॅसचा विमा: पैसे न भरता मिळणारा, पण पत्ता बरोबर हवा

एक विमा आपल्याकडे आधीपासून असतो आणि तो पुष्कळजणींना ठाऊक नसतो. घरगुती गॅसच्या ग्राहकांसाठी तेल कंपन्या स्वतः विमा काढतात. आपल्याला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. गॅसमुळेच अपघात झाला असेल तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका अपघातात सगळ्यांचे मिळून ३० लाखांपर्यंत, आणि घर-सामानाच्या नुकसानीसाठी एका अपघाताला २ लाखांपर्यंत, अशी तरतूद आहे.

पण घर-सामानाची भरपाई कनेक्शनच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच मिळते. इथेच भाडेकरू अडकतात. कनेक्शन गावच्या पत्त्यावर, सासूबाईंच्या नावावर, आणि सिलिंडर शहरातल्या खोलीत. किंवा खोली तीनदा बदलली आणि एजन्सीत पत्ता पहिल्याच खोलीचा. म्हणून घर बदललं की आठवड्याच्या आत गॅस एजन्सीत जाऊन पत्ता बदलून घ्या. नळी आयएसआय छापाची वापरा आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदला. गॅस गळतीचा वास आला तर १९०६ या क्रमांकावर फोन करा. अपघात झालाच, तर एजन्सीला लगेच लेखी कळवा.

गटाचा गाळा

आता गटाच्या धंद्याकडे येऊ. गाळा भाड्याचा, पण आतली पिठाची गिरणी, पल्व्हरायझर, पॅकिंग मशीन, मिरची-हळद, छापील पाकिटं, हे सगळं गटाचं. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे. एका ठिकाणची सगळी मालमत्ता ५ कोटींपर्यंतची असेल तर ती घेता येते, म्हणजे आपले सगळे गट त्यात बसतात. ठेवलेला माल, कच्चा माल, यंत्रं, फर्निचर हे सगळं तिच्यात धरता येतं.

इथे एक फरक आहे. घराच्या पॉलिसीत रक्कम कमी सांगितली तरी प्रमाणात कापत नाहीत, हे आपण पाहिलं. धंद्याच्या पॉलिसीत कापतात. १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे कापणी होते. समजा गाळ्यात २ लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवायचा म्हणून विमा १ लाखाचा घेतला. आग लागून ४० हजारांचा माल गेला. गटाला वाटतं, "४० तर १ लाखाच्या आतच आहे, सगळे मिळतील." पण निम्म्याच किमतीचा विमा होता, म्हणून भरपाईही निम्मीच, म्हणजे २० हजार. हप्त्यात वाचवलेले शे-दोनशे असे महागात पडतात. दिवाळीच्या आधी माल दुप्पट भरतो, तेव्हाची रक्कम धरून विमा काढा.

गटाने बँकेचं कर्ज घेतलं असेल तर बँकेने विमा उतरवलेला असू शकतो. त्या पॉलिसीची प्रत बँकेकडून मागून घ्या आणि तीन ओळी वाचा. पत्ता आत्ताच्या गाळ्याचा आहे का? रक्कम फक्त कर्जाएवढी आहे की पूर्ण मालाएवढी? मुदत संपली तर नाही ना? गाळा बदलून सहा महिने झाले आणि पॉलिसीत जुनाच पत्ता असला, तर हप्ते भरूनही हात रिकामे राहतात.

कागद तयार हवेत

विमा उतरवणं अर्ध्या दिवसाचं काम. दावा उभा राहतो तो कागदांवर. भाडेकरूसाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. "आपलं काय तोंडी ठरलंय" म्हणणाऱ्या मालकाला हे सांगायला घाबरू नका. तो करार नसेल तर "मी याच खोलीत राहत होते" हे सिद्ध करायलाच आठवडे जातात.

दुसरं, सामानाची यादी आणि फोटो. मोबाइल हातात घ्या, दारातून सुरुवात करा आणि एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सावकाश व्हिडिओ काढा. कपाट उघडून दाखवा. फ्रीज-टीव्हीच्या मागच्या बाजूचा क्रमांक दिसू द्या. बिलांचे फोटो काढा. मग हे सगळं गावी बहिणीला किंवा गटातल्या एखादीला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. मोबाइलही पुरात गेला तर तिच्याकडे तरी राहील. गटाने मालाची वही आठवड्याला लिहावी आणि तिच्या शेवटच्या पानाचा फोटो असाच पाठवावा.

तिसरं, पैसे भरताना काळजी. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही. एजंट ओळखीचा असला तरी त्याच्या हातात रोख देऊ नका. चेक किंवा यूपीआयने कंपनीच्या नावावर भरा, पावती घ्या आणि पॉलिसी क्रमांक हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

नुकसान झालंच तर

आधी माणसं सुखरूप आहेत ना ते बघा. मग कंपनीला फोन करा, तक्रार क्रमांक वहीत लिहा. चिखल काढायच्या आधी फोटो घ्या. आपल्या बायकांचा हात लगेच झाडूकडे जातो, पण तेवढा एक तास थांबा. भिजलेल्या वस्तू भंगारवाल्याला देऊ नका, सर्वेअर येऊन बघेपर्यंत एका कोपऱ्यात ठेवा. सर्वेअर म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने पाठवलेला माणूस. त्याची फी कंपनी देते, आपण एक रुपयाही द्यायचा नाही. तलाठ्याचा पंचनामा, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर पोलिसांकडची एफआयआर, यांच्या प्रती घ्या. पंचनाम्यात भाडेकरू म्हणून तुमचं नाव आणि तुमचं सामान वेगळं लिहायला सांगा. नाहीतर सगळं मालकाच्या नावाने लिहिलं जातं.

कंपनीने दावा नाकारला तर तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. कारणासकट लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करा. प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' सेवेकडे १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निकाल ते देऊ शकतात.

मग सगळ्यांनी काढावा का?

नाही. जिच्या खोलीत वीस-पंचवीस हजारांचं सामान आहे, तिने आधी २० आणि ४३६ रुपयांचे माणसाचे विमे पाहावेत, आरोग्याच्या खर्चाची सोय पाहावी आणि थोडी बचत बाजूला ठेवावी. जिचं सामान लाखाच्या आसपास आहे, घर नदीकाठी, ओढ्याजवळ, दाट वस्तीत किंवा तळमजल्यावर आहे, वस्तू कर्जाच्या हप्त्यावर घेतल्या आहेत, तिने मात्र नक्की विचार करावा. फ्रीज वाहून गेला तरी फ्रीजचा हप्ता चालूच राहतो. आणि ज्या गटाचा माल भाड्याच्या गाळ्यात आहे, त्या गटाने तर हा विषय पुढे ढकलू नये. तो माल एकीचा नसतो, दहा जणींच्या घामाचा असतो.

पुढच्या बैठकीत तीन कामं करा. प्रत्येकीने आपल्या घरातली कोण कुठे भाड्याने राहते ते सांगावं. त्या मुलाला किंवा लेकीला त्याच संध्याकाळी फोन करून तीन प्रश्न विचारावेत: भाडेकरार आहे का, गॅसचा पत्ता बदलला का, सामानाचा व्हिडिओ काढला का. आणि गटाच्या सचिवाने गाळ्याच्या पॉलिसीची प्रत आणून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. जिथे अडेल ती ओळ वहीत उतरवून आमच्याकडे पाठवा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्याच ओळी घेऊन बसू. नमस्कार.